कार्बन फायबर ओळखायचं ते कडेवरून

प्रश्न : पाच इंची (पंख्याच्या मापाने) ड्रोनची फ्रेम मागवली. ‘संपूर्ण कार्बन फायबर’ असं लिहून आलं होतं, वरची वीणही झकास दिसते. पण आर्म, म्हणजे मोटर बसवायचे फ्रेमचे हात, जड वाटतात आणि दाबले की वाकतात. मित्र म्हणतो, लायटरने कोपरा जाळून बघ. बघू का?

उत्तर : नका जाळू. कार्बनची प्लेट असो की काचेच्या धाग्यांची, जळतं ते धागे एकत्र धरणारं एपॉक्सी रेझिन. धागे दोन्हीकडे उरतात आणि काजळीने दोन्ही काळेच दिसतात. धूर छातीला वाईट, आणि फ्रेम खरी निघाली तर तो कोपरा तुम्ही स्वतःच्या हाताने कमजोर केलेला असतो.

वरच्या विणीवर माझा अजिबात विश्वास नाही. तिरपी ट्विल वीण छापता येते, तिची फिल्म चिकटवता येते. त्याहून त्रासदायक प्रकार म्हणजे वर-खाली कार्बनचा खराखुरा एकेक थर आणि पोटात ग्लास फायबर, म्हणजे काचेचे धागे. वरून कितीही निरखा, तो ओळखू येत नाही. म्हणून प्लेट आडवी धरून स्क्रूच्या भोकाची किंवा आर्मच्या टोकाची कड बघा. कडेला काळा रंग दिला असेल तर पॉलिश पेपर ओला करून हलकेच घासा. पाणी हवंच, तोंडावर मास्कही हवा. कार्बनची कोरडी भुकटी फुप्फुसात जाता कामा नये. खरी प्लेट आरपार काळी-करडी दिसते. मध्ये पांढरट, पिवळट किंवा हिरवट पट्टा दिसला तर तो ग्लास फायबर. मात्र आतल्या थरांत वीण नसून सगळे धागे एकाच दिशेने गेलेले दिसले, तर घाबरू नका. तेही कार्बनच असतं.

मग मल्टिमीटर घ्या. कार्बन वीज वाहतो, काच वाहत नाही. पृष्ठभागावर प्रोब टेकवून ‘काहीच येत नाही, म्हणजे नकली’ असा निकाल देणारे मला बरेच भेटतात. तिथे रेझिनचा थर आड येतो. दोन्ही प्रोब घासलेल्या कडेवर, जाडीच्या बरोबर मध्यावर टेकवा. त्याआधी कड ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा, नाहीतर घासताना पसरलेली काळी भुकटीच वीज वाहून नेईल आणि तुम्ही फसाल.

तुमचा हात ‘जड’ म्हणतोय, त्याचीही खात्री करता येते. कार्बन-एपॉक्सी प्लेटची घनता साधारण १.५ ते १.६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, ग्लास-एपॉक्सीची १.८५ च्या आसपास. आधी आर्मचं वजन करा. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि आर्म दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरा. तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे झटका. काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके घन सेंटिमीटर आकारमान. ३० ग्रॅमच्या आर्मला १९-२० आलं तर कार्बन. १६ च्या जवळ आलं तर ग्लास.

वाकण्याचं कारणही इथेच आहे. नेहमीच्या कार्बन धाग्याचा ताठपणा सुमारे २३० गिगापास्कल, काचेच्या धाग्याचा ७० च्या घरात. तरी आर्म तीनच मिलिमीटर जाड असेल, तर अस्सल कार्बनसुद्धा लवतो. त्यामुळे नुसत्या वाकण्यावरून ठरवू नका. कडेला पांढरा पट्टा निघालाच तर ती फ्रेम सरळ परत करा. लवचिक आर्मची थरथर जायरोपर्यंत, म्हणजे ड्रोनचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत पोचते, आणि उड्डाण स्थिर करायला ट्यूनिंग करून करून तुम्ही दमाल.

प्रश्न : फ्रेम कार्बनची आहे, पण सोबत आलेली जीपीएसची प्लेट ग्लास फायबरची निघाली. ही फसवणूक नाही का?

उत्तर : नाही, उलट बनवणाऱ्याने विचार केलाय. कार्बन वीज वाहतो म्हणूनच तो रेडिओलहरीही अडवतो. जीपीएसच्या अँटेनावर कार्बनची प्लेट आली की उपग्रह सापडायला वेळ लागतो, कधी सापडतही नाहीत. ती प्लेट राहू द्या. रिसीव्हरच्या अँटेनाचं टोकही फ्रेमच्या बाहेर काढा आणि बॅटरीच्या तारांचे सोल्डर केलेले जोड आर्मला टेकत नाहीत ना, ते पाहून मगच बॅटरी जोडा.