जर्मन मेडल बार घेताय? आधी हे बघा

मित्रा, बार म्हणजे रिबनसकट एका ओळीत शिवलेली मेडल्सची पट्टी, ती हातात आली की आधी तुझ्या डाव्या टोकाला बघ, म्हणजे घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला, तिथे बहुतेक वेळा १९१४ चा आयर्न क्रॉस सेकंड क्लास, म्हणजे पहिल्या महायुद्धातलं जर्मन लष्करी पदक, असतो. फर्स्ट क्लासचा क्रॉस बारवर शोधत बसू नकोस, त्याला रिबनच नसते, तो पिनने थेट डाव्या छातीवर लावायचे. रोजच्या युनिफॉर्मवर तर सेकंड क्लासची नुसती काळी-पांढरी रिबन बटणाच्या काजात अडकवायचे, मला तेच जास्त भिडतं. आणि हिंडेनबर्ग क्रॉस (पहिल्या महायुद्धात भाग घेतलेल्यांना दिलेलं पदक) दिसला तर बार १९३४ मध्ये किंवा त्यानंतर बांधलेला, कारण तो क्रॉसच तेव्हा सुरू झाला. त्या क्रॉसवर तलवारी असल्या तर माणूस आघाडीवर लढलेला. जुना दोरा उसवू नकोस प्लीज, मागचं कापडही तसंच ठेव.