‘परवान्यांचं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्याला गच्ची देताना

प्रश्न : आमची सोसायटी मुंबईत पी. डिमेलो रस्त्यालगत आहे. सात मजली इमारत, १९५८च्या सुमाराची. तळाला चार दुकानं, वर २४ बिऱ्हाडं. जमीन मुंबई बंदराच्या, म्हणजे पोर्टच्या, भाडेपट्ट्याची, पट्ट्याची मुदत संपलेली, नूतनीकरण लोंबकळलेलं. बंदराचं ग्रीन गेट चालत आठ-दहा मिनिटांवर. बॅलार्ड पिअरला नवं क्रूझ टर्मिनल झाल्यावर एक हॉटेलवाला आला. गच्चीवरून बोटी दिसतात, तिथे त्याला रूफटॉप बार काढायचा आहे, महिना साडेतीन लाख देतो म्हणतो. आमचा दुरुस्तीचा खर्च ७० लाखांवर गेलाय. विशेष सर्वसाधारण सभेत १७ विरुद्ध ४ असा ठराव झाला. सातव्या मजल्यावरच्या आजी विरोधात आहेत. मी सचिव. सोसायटीच्या लेटरहेडवर एमओयूवर (प्राथमिक समझोत्याच्या कागदावर) सही केली, पाच लाख टोकन सोसायटीच्या खात्यात घेतलं. ‘परवान्यांचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त एनओसी आणि ताबा द्या’, असं त्याचं म्हणणं. आता मला धाकधूक वाटू लागली आहे. ताबा दिला नाही तर कोर्टात खेचीन, आणि बाजूच्या ऑफिसच्या इमारतीची गच्ची घेऊन तुमच्या नाकावर टिच्चून बार चालवीन, असं तो सुनावतो. काय करावं?

उत्तर : सचिवसाहेब, तुमच्या पत्रात दिलासा देणारी एकच गोष्ट आहे. गच्चीची किल्ली अजून तुमच्याकडे आहे. ती कुणालाही देऊ नका. ‘फक्त मोजमाप घ्यायला’ नाही, ‘चार दिवस सामान ठेवायला’ही नाही.

का ते आधी सांगतो, कारण बहुतेक सोसायट्या इथेच फसतात. लीव्ह अँड लायसन्सने दिलेलं घर मुदतीनंतर परत मिळवायला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम २४चा जवळचा रस्ता आहे, सक्षम प्राधिकाऱ्यापुढचा. तो राहण्यासाठी दिलेल्या जागेपुरताच आहे. गच्चीवरचा बार त्यात बसत नाही. तिथे तुम्हाला लघुवाद न्यायालयात, त्या न्यायालयाच्या कायद्याच्या कलम ४१ खाली, दावा लावावा लागेल. धोबी तलावाच्या त्या इमारतीत तारखा कशा पडतात ते एकदा दुपारी जाऊन बघून या. ११ महिन्यांचा करार म्हणून आलेला माणूस दावा, मग अपील करत कित्येक वर्षं बसू शकतो, आणि तेवढा काळ तुमच्या पाण्याच्या टाक्या त्याच्या काउंटरमागे.

आता मूळ मुद्दा. तुम्ही १७ विरुद्ध ४ हा आकडा ढालीसारखा पुढे केला आहे. ठरावाने सोसायटी आपल्या हातातल्या गोष्टी ठरवू शकते : रंग कुठला, वॉचमन कोण, लिफ्ट कधी बदलायची. गच्चीवर बार काढण्याची परवानगी सभेच्या हातात कधी नव्हतीच. गच्ची ही सगळ्या सभासदांची सामाईक जागा. इमारतीच्या मंजूर नकाशात ती मोकळी गच्ची म्हणूनच दाखवलेली असणार. एकवीसच्या एकवीस हात वर झाले असते तरी पालिकेचा नकाशा बदलला नसता. आजींनी सहकार न्यायालयात सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली वाद नेला, तर मनाई हुकूम मिळायला त्यांना फार सायास पडतील असं मला वाटत नाही.

मुंबई महानगरपालिकेने रूफटॉप उपाहारगृहांचं धोरण नोव्हेंबर २०१७ मध्ये आणलं. त्यात विचार झाला तो निव्वळ व्यापारी इमारती, मॉल आणि निवासी हॉटेलांच्या गच्च्यांचा. रहिवासी इमारत त्यात नाही, आणि तळाला चार दुकानं आहेत म्हणून तुमची इमारत ‘व्यापारी’ होत नाही. हॉटेलवाला म्हणेल, कायमचं बांधकाम नाही करत, नुसतं कापड आणि बांबू, पावसाळ्यापुरती शेड. हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसू येतं. पावसाळी शेडची परवानगी पावसाळ्यापुरती असते, आणि शेड मात्र दिवाळीलाही असते, होळीलाही असते. शिवाय तात्पुरतं बांधकामही अनधिकृत असू शकतं. प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम ५५ मुळी त्यासाठीच आहे.

ते धोरण येऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा लोअर परळला कमला मिलच्या आवारातल्या छतावरच्या पबना आग लागली. २८ डिसेंबर २०१७ची रात्र, मध्यरात्र उलटून गेली होती. छपरासारखं ताणलेलं साहित्य भराभर पेटलं. १४ माणसं गेली, त्यातली बरीचशी स्वच्छतागृहात अडकून गुदमरली. पब चालवणाऱ्यांना अटक झाली, पण ती तिथे थांबली नाही. जागेच्या मालकांपर्यंतही पोहोचली. मालकांना पुढे न्यायालयाने आरोपमुक्त केलं, हे खरं. त्याआधी काही महिने त्यांनी तुरुंगात काढले, हेही खरं. ‘परवान्यांचं आम्ही बघतो’ हे वाक्य तिथेही कुणीतरी कुणाला तरी म्हटलं असणार, असा माझा आपला अंदाज.

कायद्याच्या दृष्टीने त्या वाक्याला किंमत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६चं कलम ३ वाचा : जबाबदारी मालकाची आणि भोगवटादाराची (जागा वापरणाऱ्याची), दोघांचीही. दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत ‘फॉर्म बी’ भरून आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचं कळवावं लागतं. तुमच्या सोसायटीने तो शेवटचा कधी भरला? भरला असेल तर त्यावर सही कुणाची आहे? बहुधा सचिवाचीच. पुढच्या वेळी तुम्ही त्यावर सही कराल तेव्हा डोक्यावर दीडशे माणसं, गॅसची सिलिंडरं, हुक्क्याचे निखारे, आणि खाली उतरायला एक जिना. १९५८च्या इमारतीत जिना किती रुंद असतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. दुर्घटना घडली तर भारतीय न्याय संहितेतली निष्काळजीपणाची कलमं ठरावाच्या इतिवृत्तात कुणी बाजूने मत दिलं हे मोजत बसत नाहीत. सही कुणाची, किल्ली कुणाची, भाडं कुणाच्या खात्यात, हे बघतात.

इमारत तिसाहून अधिक वर्षांची आहे, म्हणजे पालिका अधिनियमाच्या कलम ३५३-बी खाली संरचनात्मक स्थैर्याचा दाखला तुम्हाला लागतोच. ७० लाखांची दुरुस्ती निघालेल्या स्लॅबवर मातीच्या कुंड्या, दगडी काउंटर आणि नाचणारी माणसं चालतील, असं लिहून देणारा अभियंता शोधूनच दाखवा. विमा कंपनीला रहिवासी इमारत म्हणून सांगितलंय आणि वर बार आहे हे सांगितलं नाही, तर दाव्याच्या वेळी काय ऐकावं लागेल तेही लक्षात असू द्या.

तुम्ही पत्रात पोर्टचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे. मला तीच ओळ सगळ्यात धोक्याची वाटते. पोर्ट ट्रस्टचं २०२१च्या कायद्यानंतर मुंबई पोर्ट प्राधिकरण झालं, पाटी बदलली, पण जमीनमालक तोच. भाडेपट्टा काढून वाचा. वापर कशासाठी, पोटभाड्याने देता येतं का, कुणाच्या लेखी परवानगीने, ही कलमं त्यात असतातच. मुदत संपलेल्या पट्ट्यावर बसलेल्या सोसायटीने परवानगीशिवाय बार काढला, तर पोर्टच्या हातात आयतं कोलीत मिळेल. सार्वजनिक जागांमधल्या अनधिकृत भोगवटादारांविरुद्धचा १९७१चा कायदा लावून इस्टेट ऑफिसरची नोटीस येईल, आणि ती फक्त गच्चीपुरती असेलच असं नाही. पोर्टने खासगी घरमालकासारखं नफेखोरीने वागू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये जमशेद वाडिया प्रकरणात बजावलं होतं. तुमच्यासारख्या भाडेपट्टेदारांना त्याचा आधार आहे. पण तो आधार मागायला जाताना आपण स्वतः अटी मोडून जाऊ नये. साडेतीन लाखांसाठी २४ घरांखालची जमीन पणाला लावायची का, हा प्रश्न सभेपुढे कुणी मांडला होता का?

परमिट रूमचा परवाना, पालिकेचा कलम ३९४चा परवाना, पोलिसांचा, अन्न परवाना, संगीताचा, या सगळ्यात मी शिरत नाही. मुळात जागाच बसत नसेल तर हे पुढचं दळण कशाला.

एक अवांतर. हॉटेलवाल्याने बोटीवरच्या उतारूंचं जे चित्र तुम्हाला दाखवलंय, त्याच्याकडेही जरा डोळे उघडून पाहा. मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचे उतारू बहुतेक बॅगा घेऊन टॅक्सीने येतात आणि थेट आत जातात. पावसाळ्यात हंगाम बंद. म्हणजे बाराही महिने बार भरायचा तर फोर्टातली ऑफिसं सुटल्यावर येणारी मंडळी हवीत, तीही रात्री दीडपर्यंत. आणि महाराष्ट्रात बिअर-वाईनला वय २१ आणि कडक मद्याला २५ लागतं, हे गोव्याच्या सवयीने आलेल्या पोरांना तुमच्या जिन्यात उभं राहून कोण समजावणार?

आता पाच लाख आणि ‘कोर्टात खेचीन’.

एमओयू काढा आणि बघा, ‘आवश्यक त्या परवानग्या मिळण्याच्या अधीन’ अशी ओळ आहे का. बहुतेक असते. असेल तर अट पुरी झालेलीच नाही, विषय तिथेच मिटतो. नसेल तरी घाबरायचं कारण नाही. कायद्याने मना असलेल्या वापरासाठी केलेला करार भारतीय करार कायद्याच्या कलम २३ खाली टिकत नाही, आणि न टिकणारा करार पाळायला न्यायालय तुम्हाला भाग पाडणार नाही. त्यातून लीव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृतच हवा, असं भाडे कायद्याचं कलम ५५ सांगतं. तुमचा कागद लेटरहेडवरचा. नुकसानभरपाई मागायचीच तर त्याला आधी सांगावं लागेल की वर्षानुवर्षं या धंद्यात असून रहिवासी गच्चीवर बार चालत नाही हे त्याला माहीत नव्हतं.

पण टोकन ठेवून घेऊ नका. ‘करार त्याने मोडला, टोकन जप्त’ असा सल्ला समितीतला कुणीतरी नक्की देईल. त्याच्या नादी लागू नका. करार व्यर्थ आहे असं आढळलं की त्यापोटी मिळालेला लाभ परत करावा लागतो, हे त्याच कायद्याचं कलम ६५. पैसे सोसायटीच्या खात्यात आलेत, तर त्याच खात्यातून आरटीजीएसने परत पाठवा. रोख नको. सोबत रजिस्टर्ड पोस्टाने साधं पत्र : मंजूर नकाशा, भाडेपट्टा आणि अग्निसुरक्षा यांमुळे हा वापर शक्य नाही, एमओयू रद्द समजावा, रक्कम परत केली आहे. जास्त कारणमीमांसा नको. एनओसी दिली असेल तर तीही लेखी मागे घ्या आणि त्याची प्रत उत्पादन शुल्क विभाग, पालिकेचं विभाग कार्यालय, अग्निशमन दल आणि पोर्टचा इस्टेट विभाग यांना पोच घेऊन द्या. हे सगळं करायला समितीचा ठराव पुरतो, तरी लगेच पुन्हा विशेष सर्वसाधारण सभा बोलवा आणि आधीचा ठराव रद्द करून घ्या. हे उत्तर तिथे वाचून दाखवलंत तरी माझी हरकत नाही. आणि सभेआधी सातव्या मजल्यावर जाऊन आजींना भेटा. सोसायटीचं जे नुकसान टळतंय ते त्यांच्या विरोधामुळे.

दुरुस्तीचे पैसे तरीही लागणारच. सभासदांकडून हप्त्याने दुरुस्ती निधी आणि जिल्हा बँकेसारख्या सहकारी बँकेचं कर्ज हा कंटाळवाणा रस्ता आहे, पण तोच चालतो. गच्चीचा उपयोग करायचाच असेल तर सौर पॅनेलचा विचार करा. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालतील. साडेतीन लाखांची सर त्याला नाही, हे मान्य. अभियंत्याला वजन मात्र आधी विचारा, आणि पोर्टलाही एक पत्र टाका.

राहिली धमकी : बाजूच्या ऑफिसच्या इमारतीवर बार काढीन. सचिवसाहेब, हे तो खरंच करू शकतो. इमारत निव्वळ व्यापारी असेल आणि परवाने मिळाले, तर तुम्ही त्याला थांबवू शकणार नाही. त्याच्या आवाजाला मात्र थांबवू शकता. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक फक्त बंदिस्त जागेत चालतो. मोकळी गच्ची बंदिस्त नसते, वर कापड ताणलं तरी. व्यापारी क्षेत्राची मर्यादा दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल, निवासी क्षेत्राची ५५ आणि ४५. तुमच्या भागाची नोंद कोणत्या क्षेत्रात आहे ते विकास आराखड्यात आत्ताच बघून ठेवा.

तक्रार करताना नाव उघड होईल ही भीती असते, विशेषतः वयस्कर मंडळींना. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या भोंग्यांविषयीच्या याचिकेवर पोलिसांना सांगितलं की तक्रारदाराची ओळख पटवत बसू नका आणि ती समोरच्याला कळू देऊ नका. पोलीस ठाण्यात नाव-पत्त्याचा आग्रह झाला तर या आदेशाची आठवण करून द्या. फोन केला की वेळ आणि तक्रारीचा क्रमांक वहीत टिपा, आणि आवाजाची नोंद आपल्या खिडकीत उभं राहून घ्या, त्यांच्या दारात जाऊन नव्हे. अशा १५-२० रात्रींची वही झाली की माझ्याकडे या.

आरटीजीएस मात्र याच आठवड्यात करा.