ठरलेल्या नायकाची भूमिका : सर्व्हायव्हल हॉररमध्ये रोल-प्ले

प्रश्न थोडक्यात असा आहे. आरपीजीमध्ये, म्हणजे रोल-प्लेइंग गेममध्ये, नाव, पूर्वायुष्य, स्वभाव सगळं आपलं घडवून खेळायची सवय असते. सर्व्हायव्हल हॉररमध्ये, म्हणजे मोजक्या सामानावर जीव वाचवायच्या भीतीच्या गेममध्ये, नायक आधीच ठरलेला, त्याचे संवादही ठरलेले. मग रोल-प्ले, म्हणजे पात्र होऊन खेळणं, करायचं कशाचं? आणि दोन-चारदा मेलं की भीती ओसरते, ती टिकवायची कशी?

दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. या प्रकारात पात्र कळतं ते खर्चातून. गोळी कुणावर घालवली, औषध कधी घेतलं, कुठल्या खोलीकडे पाठ फिरवली, सेव्ह कधी केलं, एवढेच निर्णय तुमच्या हातात असतात आणि तेवढे पुरतात. ‘माझा नायक शूर पण हळवा आहे’ असं ठरवून बसलात तर पहिल्याच बोळात ते विसरून जाल. ‘माझा नायक माणसाचा देह उघडा टाकून जात नाही’ असं ठरवलंत, तर प्रत्येक दारापाशी त्याचा हिशोब द्यावा लागेल.

हे सगळ्यात नीट दिसतं ते रेसिडेंट इव्हिलच्या 2002 च्या रीमेकमध्ये. त्याचं एचडी रीमास्टर 2015 मध्ये आलं, तेच घ्या. सुरुवातीला जिल किंवा क्रिस या दोन नायकांपैकी एक निवडायचं. जिलला इन्व्हेंटरीत, म्हणजे जवळच्या सामानात, 8 खण, क्रिसला 6. जिलकडे लॉकपिक असतं. क्रिसला साध्या कुलपांसाठी किल्ल्या शोधून खणात बाळगाव्या लागतात. क्रिस मार जास्त सोसतो आणि लायटर त्याच्याजवळ कायम असतो, जिलला मात्र लायटरसाठी एक खण द्यावा लागतो. मारलेल्या झॉम्बीचं डोकं उडालेलं नसेल आणि देह जाळलेला नसेल, तर काही वेळाने तो क्रिमझन हेड होऊन उठतो आणि धावत अंगावर येतो. जाळायला रॉकेल लागतं. कॅन एकदा भरला की दोनच देहांना पुरतो, आणि गेम ज्या वाड्यात घडतो तिथे रॉकेलही मोजकंच आहे.

आता वरचा देहाचा नियम क्रिसला लावून बघा. कॅनला एक खण, पिस्तुलाला एक, गोळ्यांना एक, औषधी वनस्पतीला एक. उरले दोन. एक किल्ली आणि कोड्यातली एक वस्तू उचलली की हात भरले. म्हणजे गोळी झाडण्याआधीच विचार करावा लागतो की याला पाडलं तर जाळता येईल का? नसेल तर वळसा घालून जायचं. खेळाडू म्हणून तुम्ही गोळ्या वाचवताय आणि पात्र म्हणून एक देह टाळताय, दोन्ही एकाच हालचालीत. अशी जागा सापडली की नियम बरोबर निवडलाय असं समजा.

नियम दोन किंवा तीनच ठेवा. पाचाच्या वर गेले की घाईत आठवत नाहीत, आणि न आठवलेला नियम मोडला तर त्यात पात्राचा निर्णय काहीच नसतो. एक नियम खर्चाचा असावा, एक ज्ञानाचा, म्हणजे पात्राला जे कळणार नाही ते आपणही न वापरण्याचा. खर्चाचा वर दिलाच आहे. ज्ञानाचा नियम लोक हमखास विसरतात आणि पात्र तिथेच मरतं. उदाहरणार्थ, रेसिडेंट इव्हिल 2 च्या 2019 च्या रीमेकमध्ये नकाशावर खोली लाल दिसत असेल तर आत अजून काही शिल्लक आहे, निळी झाली की संपलं. पोलिसाच्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी इथे अडकलेल्या लिऑनला हे कळायचं काही कारण नाही. नकाशा बंद करता येत नाही, पण तो फक्त टाइपरायटरच्या खोलीत, जिथे गेम सेव्ह होतो तिथे, उघडायचा असं ठरवता येतं. एवढ्याने खेळ पालटतो. मागून पाठलाग करणाऱ्या मिस्टर एक्स या राक्षसाचे बूट वाजत असताना डावीकडचं दार कुठे निघतं ते आठवावं लागतं, आणि चुकलात तर ती चूक लिऑनची असते.

नियम ठरवण्याआधी एक तपासून घ्या : गेम त्याला आड येतो का. ‘कुणालाच मारणार नाही’ हा नियम बहुतेक गेममध्ये बॉसच्या, म्हणजे हरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही अशा मोठ्या शत्रूच्या, खोलीत कोसळतो. तो ‘जिथे दुसरी वाट आहे तिथे मारणार नाही’ असा मांडा. कटसीनमध्ये (मधल्या चित्रपटासारख्या प्रसंगात) नायक तुमच्या कल्पनेविरुद्ध काही बोलला तर त्याच्याशी भांडू नका, ते बोलणं पुरावा म्हणून घ्या. तो तसं का बोलला याला कारण शोधलंत तर पात्र अधिक भरीव होतं.

काही गेम तुमचं हे वागणं गुपचूप मोजतही असतात. सायलेंट हिल 2 (2001) मध्ये शेवट कोणता मिळणार हे संवादांच्या पर्यायांवर ठरत नाही. नायक जेम्स जखमी अवस्थेत किती वेळ फिरतो, वाटेत भेटलेल्या अँजेलाचा चाकू इन्व्हेंटरीत उघडून बघतो का, बायको मेरीचा फोटो आणि पत्र काढून पाहतो का, सोबत चालणाऱ्या मारियाच्या किती जवळ राहतो, हॉस्पिटलात तिच्या खोलीत परत डोकावतो का, हे सगळं नोंदलं जातं. कशाने कोणता शेवट मिळतो ते मुद्दाम सांगत नाही. पहिल्या वेळी ते शोधूही नका, कारण एकदा कळलं की चाकू बघणं हे जेम्सचं वागणं न राहता बटण होऊन जातं. 2022 चा सिग्नॅलिस हा गेमही याच वाटेने जातो, आणि तिथे खण फक्त 6 आहेत.

पेशा धरून खेळायचं असेल तर एलियन: आयसोलेशन (2014) घ्या. त्याची नायिका अमांडा रिप्ली इंजिनिअर आहे, आणि गेमही तिला इंजिनिअरसारखंच वागवतो. रिव्हॉल्व्हरने एलियन मरत नाही, उलट आवाजाने येतो. फ्लेमथ्रोअरने पळतो, पण वारंवार वापरलात तर त्यालाही सरावतो. मग नियम असा धरा की आधी पॅनेल, मग अवजार, शेवटी शस्त्र. भिंतीवरच्या पॅनेलवरून वीज दुसरीकडे वळवून कॅमेरे बंद करता येतात, दारं उघडता येतात. मोशन ट्रॅकर (हालचाल टिपणारं यंत्र) समोर धरला की भोवतालचं दृश्य धूसर होतं, आणि एलियन जवळ असेल तर ट्रॅकरचा बीप-बीप आवाज एलियनलाही ऐकू जातो. नवखे लोक ट्रॅकर हातातून सोडत नाहीत आणि म्हणूनच सापडतात. तो क्षणभर वर करायचा, बघायचा, खाली घ्यायचा.

आता मरणाबद्दल. भीती असते ती काहीतरी होणार या ताणात. मेलात की ताण सुटतो. त्याच बोळात तिसऱ्यांदा शिरताना राक्षसाचं वेळापत्रक पाठ झालेलं असतं, तिथे भीती उरणार कशी? म्हणून भीती टिकवायची तर डिफिकल्टी सरसकट वाढवू नका. जिथे जगण्याची शक्यता आहे पण प्रत्येक जखम पुढे महागात पडते, अशी पातळी हवी. एकाच जागी तीनदा मेलात तर त्या दिवसापुरता खेळ थांबवा किंवा पातळी एक पायरी उतरवा. त्यात कमीपणा काही नाही, हट्टाने दहाव्यांदा खेळण्यात मात्र पात्र आणि भीती दोन्ही जातात. सेव्ह मोजके हवे असतील तर रेसिडेंट इव्हिल 2 चा हार्डकोअर मोड बघा. तिथे ऑटोसेव्ह नाही आणि प्रत्येक सेव्हला शाईची रिबन लागते. पण पहिल्या खेपेला तो घेऊ नका, शत्रूही तिथे बरेच चिवट आहेत.

पाठांतराचा उपाय अॅम्नेशिया: द बंकर (2023) ने फार छान काढलाय. वस्तूंच्या जागा आणि कुलपांचे आकडे दर खेळाला बदलतात, सेव्ह फक्त सुरक्षित खोलीतल्या कंदिलापाशी होतं, आणि टॉर्च दोरी ओढून चार्ज करावा लागतो, त्याचा आवाज होतो. जनरेटरमध्ये इंधन घालून दिवे ठेवायचे की अंधारात जायचं, हा पात्राचाच निर्णय.

अगदी स्वतःचं पात्रच हवं असेल तर प्रोजेक्ट झोम्बॉइड. तिथे पेशा आणि गुणदोष पॉइंटच्या बदल्यात घ्यायचे : चांगल्या गुणाला पॉइंट लागतात, दोष घेतला की मिळतात. बर्गलर (घरफोड्या) हा पेशा घेतलेला गाडी किल्लीशिवाय चालू करू शकतो. धूम्रपानाचा दोष घेतला तर सिगारेट संपल्यावर ताण चढतो आणि तुम्ही एका पाकिटासाठी गल्ली ओलांडता. झॉम्बी चावला तर संसर्ग 100 टक्के, कातडी फाटली तर 25, ओरखड्याला 7. लोक दोष फक्त पॉइंट कमवायला घेतात आणि मग तो त्रासदायक वाटतो. जो दोष तुम्हाला वागायला आवडेल तोच घ्या. चावा बसल्यावर तुमचं पात्र उरलेले तास कशात घालवेल, हे आधीच लिहून ठेवा.

लिहिण्यावरून आठवलं, प्रत्येक सेव्हला दोन ओळींची नोंद ठेवा, पात्राच्या तोंडची. ‘आज खूप भीती वाटली’ या नोंदीचा पुढच्या वेळी काही उपयोग नाही. अशी लिहा : ‘पूर्वेचा जिना. एक खाली पडलाय, जाळला नाही, रॉकेल संपलं. सात गोळ्या. उद्या पश्चिमेकडून.’ चार दिवसांनी गेम उघडलात तरी ही नोंद वाचून तुम्ही थेट त्या जिन्याखाली उभे असता.

सेटिंगमध्ये ब्राइटनेस गेम सांगतो तिथपर्यंतच ठेवा, चिन्ह जेमतेम दिसेल इतकाच. हेडफोन लावा, पाठीमागचं संगीत थोडं कमी करा, पावलांचा आवाज तसाच राहू द्या.

सुरुवात क्रिसपासून करा, देहाचा एकच नियम घेऊन. दोन बैठका खेळून बघा. नियमामुळे एकदाही वाट बदलावी लागली नाही, तर तो सैल आहे, त्यात नकाशाचा नियम जोडा. दर खोलीत अडकत असाल तर तो फक्त गणवेशातल्या देहांपुरता ठेवा आणि पुढे चला.