रक्तकर्करोगाच्या केमोथेरपीत स्वादुपिंडाला सूज येऊ नये म्हणून काय करता येते?

तुमच्या बारा वर्षांच्या पुतण्याला एएलएल हा रक्तकर्करोग झाला आहे आणि त्यावरच्या केमोथेरपीतील ॲस्पॅराजिनेज या इंजेक्शनमुळे स्वादुपिंडाला येणारी सूज आधीच औषध देऊन टाळता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. लहान मुलांच्या कर्करोग वॉर्डात डॉक्टर म्हणून काम करताना हा प्रश्न मी वारंवार ऐकतो. असे खात्रीचे औषध आज उपलब्ध नाही.

हे इंजेक्शन रक्तातील ॲस्पॅराजिन, म्हणजे प्रथिने बनवायला लागणारे एक अमिनो आम्ल, संपवते. रोगट पेशींना ते स्वतः पुरेसे बनवता येत नाही, म्हणून त्या मरतात. परंतु पाचक रसांसाठी सतत प्रथिने तयार करणाऱ्या स्वादुपिंडालाही त्या टंचाईची झळ बसत असावी. दहा वर्षांवरील मुलांत हा धोका अधिक असतो. तरीही भीतीपोटी डोस चुकवू नका, कारण आजार उलटण्याची शक्यता त्याने वाढते.

घरात कोणाला स्वादुपिंडाचा आजार किंवा रक्तात जन्मजात वाढलेली चरबी असेल, अथवा मुलाला फिट्ससाठी व्हॅलप्रोएट चालू असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. स्टेरॉइडच्या जोडीने ॲस्पॅराजिनेज रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी बरीच वाढवू शकते आणि ती प्रति डेसिलिटर १००० मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यास काळजी घ्यावी लागते. मात्र मुलाचा आहार स्वतःच्या मनाने तोडू नका.

सर्वांत मोठा बचाव म्हणजे पहिले दुखणे ओळखणे. एक मुलगा मला आठवतो : भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडलेला, पाण्याचा पेलाही हाताने बाजूला सारणारा. व्हिंक्रिस्टीन या केमोथेरपीतील दुसऱ्या औषधाने बद्धकोष्ठता अनेकदा होते, त्यामुळे आईने दोन दिवस रेचक दिले होते. तपासले तेव्हा रक्तातील लायपेज (स्वादुपिंडाचे पाचक विकर) सामान्य मर्यादेच्या तिपटीहून पुष्कळ वर होते. स्टेरॉइडमुळे दुखणे दबूही शकते, म्हणून पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारी कळ आणि उलट्या असतील, तर बद्धकोष्ठतेवर विसंबू नये. याउलट, काहीही त्रास नसताना दर आठवड्याला लायपेज तपासून पुढचा धोका भरवशाने कळत नाही.

दुखणे किंवा वाढलेले लायपेज ७२ तासांनंतरही कायम राहिले, अथवा स्वादुपिंडाचा भाग निकामी झाला, तर सहसा ॲस्पॅराजिनेज कायमचे बंद करतात. सौम्य त्रासानंतर ते पुन्हा देण्याचा विचार होतो, पण पुन्हा दिलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांत सूज परत आल्याचे आढळले आहे; हा निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबत बसूनच घ्या.

ॲस्पॅराजिनेजच्या पेगायलेटेड, म्हणजे जास्त काळ टिकणाऱ्या, प्रकाराचा परिणाम दोन ते तीन आठवडे टिकतो, त्यामुळे कळ बहुधा घरी आल्यावर उठते. इंजेक्शनची तारीख वहीत लिहून ठेवा, आणि रात्री-अपरात्री तातडीच्या विभागात जावे लागले तर औषधाचे नाव व ती तारीख सर्वांत आधी सांगून लायपेज तपासण्याची विनंती करा.