पटकथालेखनाचं पदव्युत्तर शिक्षण घ्यावं का? मुंबईत राहून कुठे शिकता येईल?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, कॉलेजात एकांकिका लिहिल्या आहेत, डोंबिवलीला राहता आणि चित्रपट-मालिकांचं लेखन शिकण्यात एक-दोन वर्षं घालवावीत की नाही हे ठरत नाहीये. मी मुंबईत मराठी मालिकांच्या पटकथा लिहितो, त्यावरून सांगतो.

घरची परिस्थिती सांभाळून जमत असेल तर जरूर शिका. फक्त डिप्लोमाच्या कागदावर काम मिळेल ही अपेक्षा नको. वाहिनीत किंवा निर्मात्याकडे प्रमाणपत्र कुणी विचारत नाही, लिहिलेला नमुना मागतात. शिकायला जायचं ते आपला खर्डा ओळ न् ओळ वाचणारा आणि तो पुन्हा लिहून घेणारा शिक्षक मिळावा म्हणून. बाहेर हे कुणी करत नाही. आवडलं नाही तर फोन येत नाही, एवढंच कळतं.

असा शिक्षक काय करतो ते बघा. एका कार्यशाळेत एका मुलीने प्रसंग लिहिला होता: नायिका आईला सांगते की मी नोकरी सोडली. चार पानं संवाद, रडारड, वडिलांची आठवण. शिकवणाऱ्या बाईंनी एवढंच विचारलं, ‘आईला हे न बोलता कसं कळेल?’ पुढच्या खर्ड्यात मुलगी रोजच्या वेळेला डबा घेऊन निघते, रोजच्या वेळेला परत येते. आई घासायला डबा उघडते, तर पोळीभाजी जशीच्या तशी. आई काही विचारत नाही, ती भाजी गरम करून रात्री मुलीच्याच ताटात वाढते. एक पान, संवाद जवळजवळ नाहीत. एकांकिकेतून येणाऱ्या आपल्यासारख्यांना हे मुद्दाम शिकावं लागतं, कारण रंगमंचावर शब्दांवर भागतं.

आता कुठे शिकायचं. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट-दूरचित्रवाणी प्रशिक्षण संस्थेत पटकथालेखनाचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. कुठल्याही शाखेची पदवी चालते, त्यामुळे बी.कॉम.ची अडचण नाही, मात्र प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते. तिथे दिग्दर्शन, संकलन, छायाचित्रण शिकणारी मुलं शेजारीच असतात, आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच आहे. माझी पहिली पसंती हीच. मुंबई सोडायची नसेल तर गोरेगावच्या फिल्मसिटीत व्हिसलिंग वूड्स ही खासगी चित्रपट प्रशिक्षण संस्था आहे. पण खासगी संस्थांची फी लाखांत जाते. कर्ज काढूनच शिकावं लागणार असेल तर मी नको म्हणेन, कारण या धंद्यात पहिली काही वर्षं पैसे वेळेवर येतीलच असं नाही आणि हप्ता मात्र दर महिन्याला जातो. मुंबई विद्यापीठाच्या अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्सचाही विचार करा. ते नाटकाचं शिक्षण आहे, पण पात्र आणि संघर्ष यांची समज तिथे पक्की होते.

कुठेही पैसे भरण्याआधी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा: पूर्ण लांबीच्या किती पटकथा लिहून झाल्या? त्यातल्या किती पुन्हा लिहिल्या? कोणी वाचल्या, आणि तो वाचणारा स्वतः आत्ता लिहितोय का? मोठ्या नावांची पाहुणी व्याख्यानं ऐकायला छान वाटतात, तुमचा दुसरा खर्डा त्यांनी सुधारत नाही.

मालिकांचं गणित वेगळं आहे. तिथे कथा, पटकथा आणि संवाद बहुतेक वेळा तीन वेगळे लेखक लिहितात. कथेचा ट्रॅक वाहिनीबरोबर बसून ठरतो, पटकथाकार भागाचे प्रसंग पाडतो आणि संवाद लेखकाच्या हाती ते येतात तेव्हा चित्रीकरण अनेकदा उद्यावर असतं. गुरुवारी टीआरपी आला की ठरलेला ट्रॅकही बदलतो. हा वेग वर्गात शिकवता येत नाही. एखाद्या चालू मालिकेत संवाद लेखकाचा साहाय्यक म्हणून काही महिने काढलेत तर तो अंगवळणी पडतो, आणि एकांकिका स्पर्धांमधल्या ओळखी इथे खरोखर उपयोगी पडतात. आमच्यातले बरेच जण त्याच वाटेने आलेत.

हक्कांचा विषयही आत्ताच समजून घ्या. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, लिहून काढलेल्या मांडणीवर मिळतो. म्हणून कुणाला गोष्ट ऐकवण्याआधी ती लिहून काढा आणि अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेचे सभासद होऊन नोंदवा. नोंदणी ऑनलाइन होते. कॉपीराइट कायदा १९५७चा, पण २०१२च्या दुरुस्तीने लेखकाचा रॉयल्टीतला वाटा बराच सुरक्षित केला. तरी सही करण्याआधी करार नीट वाचा: मानधनाचे टप्पे कोणते, मधेच काढलं तर झालेल्या कामाचे पैसे मिळणार का, आणि श्रेयनामावलीत तुमचं नाव कथा, पटकथा, संवाद यांपैकी नेमकं कशापुढे येणार. तोंडी ‘बघू आपण’वर एकही भाग लिहून देऊ नका.