चुकीच्या क्षेत्रात आलोय हे कळल्यावर आपली जागा शोधायची कशी?

तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षं विक्री विभागात काढली, बढत्या मिळाल्या, टार्गेटंही पूर्ण होतात, पण सुट्टी संपत आली की पोटात गोळा येतो. हे सोडायचं तर जायचं कुठे, असा तुमचा प्रश्न. मीही विक्रीतूनच बाहेर पडलोय, म्हणून लिहितो.

आधी एक खात्री करून घ्या. तुम्ही या कामाला विटलाय की नुसते थकलाय? वरून दोन्ही सारखंच दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’च्या तीन खुणा दिल्या आहेत: अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून धड काम होत नाही असं वाटणं. गंमत म्हणजे तिथे त्याला आजार म्हटलेलंच नाही. कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला न गेल्याने हे होतं, असं म्हटलंय. त्यामुळे लांब रजेनंतर किंवा साहेब बदलल्यावर कामाची ओढ परत येत असेल, तर क्षेत्र सोडायची घाई नको.

माझं तसं नव्हतं. माझ्या खूप पुढे गेलेल्या वरिष्ठांचा दिवस मी बघायचो. मान होता, पगार होता, पण ते सततचे फोन, मनधरण्या, महिनाअखेरची पळापळ यातलं काहीच मला नको होतं. ज्या वाटेच्या टोकाला जे आहे तेच नकोय, तिथे रजा काय करणार?

‘तुला काय आवडतं?’ असं सगळे विचारतात. मला तो प्रश्न निरुपयोगी वाटतो. मला गाणी ऐकायला आवडतात, त्याचं काय करू? त्यापेक्षा असं विचारा: इतर जण टाळतात असं कोणतं काम मी न कुरकुरता करतो? आमच्याकडे साठ्याचा ताळमेळ लावणं सगळ्यांच्या जिवावर यायचं. नोंदीत माल आहे, गोदामात नाही, तर मधे गेला कुठे? सहकारी ते काम खुशाल माझ्या गळ्यात मारायचे आणि मी त्यात संध्याकाळ कधी झाली ते विसरायचो. पुढे नोकरी न सोडताच पुरवठा नियोजनवाल्यांना, म्हणजे कुठला माल कधी, किती लागेल ते ठरवणाऱ्यांना, मदत करायला लागलो. घरी बसून विचार करण्यात गेलेल्या वेळापेक्षा त्या मदतीतून जास्त कळलं, अगदी त्या कामातला कंटाळवाणा भागसुद्धा.

नऊ वर्षं वाया जातील ही भीती मात्र बाजूला ठेवा. विक्रीवाले अंदाज कधी फुगवतात आणि टार्गेट ठरायच्या आधी कधी दाबून धरतात, हे मला आतून माहीत होतं. नियोजनात गेल्यावर त्यावरच मला विचारायला लागले. पगार सुरुवातीला कमी झाला, हेही खरं. घरच्यांशी तो हिशेब आधीच बोलून घ्या.

नवी जागा शोधताना जवळच्या मित्रांवर फार विसंबू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला होता. तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी, ज्याच्याकडून ती कळली त्याला वरचेवर भेटणारे साधारण १७ टक्केच निघाले. बाकीच्यांना ती क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून कळली होती. पटण्यासारखं आहे, कारण जवळच्या माणसांना बहुतेक तेच माहीत असतं जे आपल्याला. शिवाय त्यांच्या डोक्यात आपण कायमचे ‘विक्रीतला अमुक’ असतो. तेव्हा जुने सहकारी, पुरवठादार, एखाद्या प्रशिक्षणात भेटलेली माणसं यांना फोन करा. नोकरी मागू नका, त्यांचा कामाचा दिवस कसा जातो ते विचारा. लोक भरभरून बोलतात.

तुमच्या सध्याच्या साहेबांना मात्र नवं नेमणूकपत्र हातात पडेपर्यंत यातलं काही कळू देऊ नका.