प्लायच्या खाचा आणि सांधे: वाचकांचे प्रश्न

प्लायमध्ये डव्हटेल सांधा (कबुतराच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवून केलेला) करावा का? (नाशिक)

नको. कोपऱ्यावर थर सुटतात.

18 मिमीच्या बिटने (राउटर यंत्राच्या पात्याने) खाच पाडली, तरी 18 मिमी प्लायची फळी आत हलते. सुतार म्हणतो, फेविकॉलमध्ये भुसा कालवून भरू. चालेल? (सांगली)

चालणार नाही. हाच घोळ इतक्या जणांकडून येतो की सविस्तर सांगतो. 18 हा शिक्क्यावरचा आकडा. आयएस 303 या प्लायच्या भारतीय मानकात 6 मिमी आणि त्यापुढच्या जाडीला 5 टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे 17.1 मिमीची शीटही नियमात बसते. बिनशिक्क्याच्या मालाचं तर विचारूच नका. ‘कॅलिब्रेटेड आहे साहेब’, म्हणजे सगळीकडे एकसारख्या जाडीची, एवढ्यावर शीट उचलू नका. दुकानातच चारही कडांना व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा.

खाचेसाठी 12 मिमीचा बिट घ्या आणि दोन फेऱ्यांत रुंदी गाठा. त्याच शीटच्या तुकड्यावर आधी करून पाहा, त्यात प्रत्यक्ष बसणारी फळी घालून बघा. खोली 6 मिमी पुरते. फळी हाताच्या दाबाने आत गेली पाहिजे. हातोडी लागत असेल तर खाच अरुंद आहे. फळी आत जाताना गोंद खरवडून बाहेर येतो आणि सांधा कोरडाच राहतो. भुशाचा लगदा फट झाकतो, वजन पेलत नाही. फळीवर पुस्तकं ठेवायची असतील तर आधी दुसऱ्या जाणत्या सुताराला दाखवा. खाच रुंद करून पट्टी बसवता येईल का, हे तो पाहूनच सांगेल.

कापताना वरच्या पापुद्र्याचे टवके उडतात. टेप लावली की थांबतात म्हणे? (कोल्हापूर)

ऐकीव गोष्ट. टेपने थोडे कमी होतात, पण पातं बोथट असेल तर टेप काय करणार? कापायच्या रेघेवर आधी चाकू खोल फिरवा. टेबल सॉवर चांगली बाजू वर ठेवा, हातातल्या कटरने कापताना खाली. तरीही उडले तर पातं धार लावणाऱ्याला दाखवा.

कपाटाचा सांधा दोन महिने उघडतोय. पावसाळा संपल्यावर बघू का? (रत्नागिरी)

दोन महिने थांबलात हेच जास्त झालं! ओल शिरून कड फुगली की थर पुन्हा पहिल्यासारखे बसत नाहीत. वरचं सामान आजच उतरवा आणि सुताराला बोलवा. प्लाय कोणत्या प्रतीचा आहे, मागच्या भिंतीला ओल आहे का, हे त्याने तपासेपर्यंत स्वतः स्क्रू मारू नका. आधी भोक न पाडता कडेत मारलेला स्क्रू थर फाकवतो.